शिलाईचे किती?

सत्यशीला कामाला बसली की ती नेमकी कुठे असते, हे सांगणं अवघड आहे. पाय मशीनच्या पायट्यावर, हात रेक्झिनवर, सुई आपली खालीवर चालली आहे आणि डोळे मात्र उघड्या दारातून रस्त्यापलीकडच्या बाभळींवर. पहिल्या हाकेला ती ओ देत नाही. दुसऱ्या हाकेला "आं?" म्हणते. तिसरीला हसते आणि काय विचारलं होतं ते पुन्हा विचारायला लावते. तिचा नवरा बिभीषण याला सरावला आहे. गिऱ्हाईक उभं असलं तर तो सांगतो, "जरा बाहीर गेलीय, यील आत्ता." गिऱ्हाईक समोरच मशीनवर बसलेल्या बाईकडे बघत राहतं. शिलाई तेवढ्या वेळात न वाकता वीतभर पुढे गेलेली असते.

पाथर्डीतून शेवगावकडे निघालं की रस्त्याकडेला पत्र्याचे गाळे लागतात. त्यातला एक यांचा. अलीकडे पंक्चरचं दुकान, पलीकडे रसवंती, तीही उन्हाळा सरला की बंद. दारावर बिभीषणने स्वतः ब्रशने रंगवलेली पाटी आहे: सोफा, खुर्ची, ट्रॅक्टर सीट, गादी. 'गादी' लिहीपर्यंत जागा संपली म्हणून ती अक्षरं जरा दाटीवाटीने बसली आहेत. आत फोमचे तुकडे, रेक्झिनचे गुंडाळे, काथ्याचा ढीग. ऊन आत आलं की फोमचा बारीक भुगा हवेत तरंगताना दिसतो. सत्यशीलाला तो बघत बसायला फार आवडतं.

जुना सोफा आला की बिभीषण त्याचं कव्हर फाडतो आणि सत्यशीला आधी आतल्या फोमवर तळवा ठेवते. वर्षानुवर्षं माणूस एकाच जागी बसला की तिथे खोलगट होतं. त्या खोलगट जागेवरून तिला माणूस दिसायला लागतो. हा एका अंगावर रेलून बसायचा, म्हणजे त्या बाजूला कुणीतरी बोलायला असणार. ही नुसती कडेला टेकायची, म्हणजे घरातली सून असणार, हाक आली की उठायला बरी. तिच्या मनातल्या अशा माणसांनी अर्धी पाथर्डी भरली असेल. खरी माणसं त्यांच्याशी जुळतात का, याची चौकशी तिने कधी केली नाही. केली असती तर गंमतच गेली असती.

स्वप्नाळू बाई म्हटलं की लोकांना वाटतं, हिला काही सोसावं लागलं नसेल. सत्यशीलाने बालपण ऊसतोडीच्या फडावर काढलं, आईच्या मागे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करत. लग्न झालं आणि फड तोच राहिला, फक्त पुढे आईऐवजी नवरा आला. दसरा झाला की तांडा निघायचा, पाचटावर पथारी, राहायला पाचटाची झोपडी, म्हणजे कोपी, आणि तिचं दार म्हणजे एक गोणपाट. पहाटेच्या धुक्यात बिभीषण ऊस तोडायचा, सत्यशीला मोळ्या बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायची. तेव्हाही ती अशीच कुठेतरी गेलेली असायची. डोक्यावर मोळी, पायाखाली डगमगती फळी आणि मनात काय, तर उसाला आलेले पांढरे तुरे कापून त्यांची उशी केली तर कशी लागेल.

आता ज्यांनी फड पाहिला नाही त्यांना एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडणार, ती बांधणार आणि वाहणार, घाम दोघांचा, पण मोजताना एक. मुकादम हंगामाआधी जे पैसे देतो, त्याला उचल म्हणतात, तीसुद्धा कोयत्याला मिळते आणि पुरुषाच्या हातात पडते. एकटा माणूस आला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात आणि शक्यतो घेत नाहीत. सत्यशीलाला यात कधी काही वावगं वाटलं नाही. सूर्य उगवतो यात कुणाला वावगं वाटतं?

गादीकाम त्यांच्या आयुष्यात आलं ते बिभीषणच्या पायामुळे. बेलापूरच्या बाजूला फड होता आणि कोयता निसटून पायावर बसला. पट्टी बांधलेला पाय घेऊन कोपीत पडून राहण्यापेक्षा तो जवळच्या ट्रॅक्टर सीटा शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडे जाऊन बसायला लागला. हात रिकामे राहवेनात, तेव्हा खिळे काढू लागला, मग फोम कापू लागला. सत्यशीला त्याची भाकरी घेऊन जायची. एके दिवशी म्हाताऱ्याचा शिंपी आला नव्हता, मशीन मोकळं होतं, ती बसली. म्हातारा म्हणाला, "ह्या बाईचा हात बघा रं कुनीतरी." तेवढं एक वाक्य तिने पुढे कितीतरी दिवस मनात उलटून पालटून पाहिलं.

मग दोन हंगाम झाले, ते फडावर गेलेले नाहीत. जुनं मशीन घेतलं, गाळा घेतला आणि आरतीला, त्यांच्या मुलीला, आजीकडे ठेवायची वेळ आली नाही. आरती शाळेतून थेट गाळ्यावर येते, फोमच्या ढिगावर पालथी पडून अभ्यास करते आणि तिथेच झोपून जाते. झोपलेल्या पोरीकडे बघताना सत्यशीलाला वाटतं, आपण हे आधी कुठेतरी पाहिलं होतं. पाहिलं होतं खरंच, फळीवर, मोळीखाली, मनातल्या मनात.

सगळं बरं चाललं होतं, फक्त पैसा टिकत नव्हता. काम रग्गड. तिसगाव, करंजीकडूनही टेम्पोत सोफे घालून लोक यायचे. कारागिराचं नाव चांगल्या कामासाठी व्हावं, यांचं झालं स्वस्त म्हणून. अगदी सुरुवातीला पहिलं गिऱ्हाईक मजुरी विचारायला लागलं, तेव्हा बिभीषणने मनाशी आडाखा बांधला होता की गवंडीकामावरचा माणूस दिवसाला घेतो तेवढं आपल्याला पडलं पाहिजे. सामान वेगळं, मजुरी सीटमागे चारशे. तो एक माणसाचा रोज होता. काम मात्र दोन माणसं करत होती. सांगाडा, पट्टे, फोम त्याचा, कापणं, शिवणं, झालर तिची. पण दोघांच्याही मनात ती एकच जोडी, एकच कोयता. यात बिभीषणची लबाडी नव्हती. लबाडी असती तर गोष्ट सोपी होती, सत्यशीलाने भांडून एका दिवसात मिटवली असती.

पोळा झाला आणि आबासाहेब मुकादम मोटारसायकलवरून गाळ्यावर आले. नात्याने बिभीषणचे लांबचे मामा, पांढरी टोपी, बोलायला मऊ. माणूस वाईट नव्हे. फडावर कुणी आजारी पडलं तर स्वतःच्या गाडीवर घालून दवाखान्यात नेणारा.

"काय रं, चाललंय का धंद्याचं?"

"चाललंय मामा. काम लई हाय."

"काम लई हाय आन गाळ्याचं भाडं थकलंय, आसं ऐकलं." आबासाहेबांनी फोमच्या ढिगावर बूड टेकलं आणि जरा दचकले, कारण ते अपेक्षेपेक्षा फार खाली गेले. "ह्या वर्साला उचल चांगली हाय. कारखान्याला मानसं मिळंनात. घट बसायच्या आत सांग म्हंजे झालं."

बिभीषणने बायकोकडे पाहिलं. ती बाभळींकडे बघत होती. "मामा, मी येकटा आलो तर? ही दुकान बघंल, पोरीची शाळा हुईल."

"येकट्याला घिऊन काय करू? आर्ध्या कोयत्याला कोन इचारतंय? बाई पायजे, बाबा. बाईबिगर न्हाई जमत."

सत्यशीला गेलेली नव्हती, तिने सगळं ऐकलं. आबासाहेब गेल्यावर ती बराच वेळ एकच दोरा सुईत ओवत बसली. पुन्हा फड नको होता तिला. तिथे पाठ मोडते याची तिला भीती नव्हती, पाठ इथेही मोडतच होती. पण आरती आजीकडे राहिली की हंगाम संपेपर्यंत ओळख विसरल्यासारखी वागायची, आणि ते तिला पुन्हा सोसवलं नसतं. गाळ्यात पैसा टिकला तर राहायचं, नाही टिकला तर जायचं, इतकं ते उघड होतं.

त्याच आठवड्यात रोहिणीताई आली. बँकेत नोकरीला, नवीन बदलून आलेली, अजून गावाला बिचकणारी. तिने पिशवीतून नीट कापलेलं कापड काढलं. "दिवाणाच्या गाद्या आहेत. फोम घरी आहे, कापड मीच बेतून आणलंय. मला फक्त शिवून हवंय. शिलाईचे किती?"

सत्यशीलाने बिभीषणकडे पाहिलं आणि बिभीषणने तिच्याकडे. हा प्रश्न या गाळ्यात कुणी कधी विचारलाच नव्हता.

"शिलाईचं येगळं कधी काढलंच न्हाई, ताई," बिभीषण म्हणाला. "ती आपली त्याच्यातच आसती."

"कशात?"

कशात, ते त्यालाही सांगता येईना. घोडं तिथेच अडलं.

"तुमी द्या काय द्यायचं ते," सत्यशीला म्हणाली.

"असं नको हो. तुमचं काम आहे, तुम्ही सांगा. मला काय कळतंय त्यातलं?"

फळीवरून तोल गेला होता तेव्हाही सत्यशीला एवढी गांगरली नव्हती. शेवटी तिने आकडा सांगितलाच नाही. गाद्यांची कव्हरं शिवली, कडेने पायपिंगही लावली, जी रोहिणीताईने मागितली नव्हती, आणि ताई न्यायला आली तेव्हा हसून उभी राहिली. रोहिणीताईने संकोचून मशीनवर एक नोट ठेवली आणि ती गेली. सत्यशीलाने नोट उचलून बिभीषणच्या हातात दिली, रस्त्यात कुणाची तरी सापडावी तशी.

त्या दिवसापासून मात्र तो प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. शिलाईचे किती? भाकरी थापताना, आरतीची वेणी घालताना, शिलाईचे किती? आधी तिने उसावरून बघायचा प्रयत्न केला. तेवढ्या वेळात किती ऊस तुटला असता? पण ऊसही दोघांचाच तुटायचा, त्यातला आपला कोणता हे कसं निवडायचं? गाडीत भरलेल्या उसात हा माझ्या डोक्यावरून आला आणि हा त्यांच्या हातून, असं कोण दाखवणार? सगळा ऊस कारखान्याच्या एकाच गव्हाणीत जातो आणि साखर होऊन कुणाकुणाच्या चहात विरघळते.

मग तिला एक गोष्ट दिसली, जी रोज समोर होती. गाळ्याच्या छताला खिळ्याचं एक जुनं भोक आहे. ऊन असलं की त्यातून एक गोल कवडसा खाली पडतो आणि दिवसभर जमिनीवरून चालत जातो. सकाळी तो भिंतीपाशी असतो, मग काथ्याच्या ढिगाला वळसा घालतो, मशीनच्या पायाशी येतो आणि दुपार कलताना उंबऱ्याकडे निघतो. सत्यशीलाने त्याच्याकडे शेकडो वेळा पाहिलं होतं. कधी ती त्याला तळहातावर घ्यायची, तेव्हा तळहात आतून लाल दिसायचा. आता तिने कापडावर खुणा करायचा खडू उचलला. बिभीषण कामाला लागला की कवडशाच्या कडेला एक खूण, हातातलं काम खाली ठेवलं की दुसरी. तिचं काम सुरू झालं की तिच्या खुणा, जरा बाजूला. त्याने चहाला हात थांबवला की रेघ तुटायची, तिने पोरीला पाणी दिलं की तिची तुटायची. कुणावर मेहेरबानी नाही. ढग आला की दोघांचंही मोजणं बंद.

पण एका ठिकाणी ती अडली. आपण काम करता करता जातो कुठेतरी, ते कसं धरायचं? बाभळीवर बसलेला पक्षी उडाला, त्याच्यामागे आपण मोहट्याच्या डोंगरापर्यंत जाऊन आलो, या फेरीचे पैसे गिऱ्हाइकाने का म्हणून द्यायचे? ही शंका तिला खरोखर छळायला लागली. जगात भाव लावणारे पुष्कळ आहेत, पण स्वतःच्या स्वप्नांचं माप वजा करणारी ही एकच बाई असेल. तिने एक दुपार स्वतःवर पाळत ठेवली. मन गेलं की हातांकडे बघायचं. आणि तिने पाहिलं की हात थांबत नाहीत. मन पार बेलापूरला जाऊन येतं, तुऱ्यांच्या उशीवर झोपतं, आरतीला मोठी करून परत आणतं, आणि हात तेवढ्यात एक बाजू पुरी शिवून कोपरा वळवतात. उलट तिचे कोपरे त्याच वेळी जास्त सुरेख वळतात. मन कुठेही असो, हात कामावर असले तर ते काम. हे तिचं तिलाच पटलं आणि तिला इतकं हलकं वाटलं की ती एकटीच हसली.

बिभीषण झाडू मारत होता, तेव्हा त्याला जमिनीवर खडूच्या रेघा दिसल्या. "हे काय मांडलंय?"

"ही रेघ तुमच्या कामाची. ही माझी. येकाच सोफ्याची हाय."

तो वाकला. पावलाने मोजावं तसं त्याने एकीवर पाऊल ठेवलं, मग दुसरीवर. त्याची ओळ काथ्याच्या ढिगापाशी संपली होती, तिची पुढे जाऊन जवळजवळ मशीनपर्यंत आली होती.

"तुझी लांब हाय की गं," तो म्हणाला.

"थोडीच लांब हाय. मी बरुबर धरते."

"आन मी इतके दिस..." त्याने झाडू कोपऱ्यात ठेवला आणि तो भाग न झाडताच बाहेर जाऊन उभा राहिला. तिला त्याचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

घटस्थापना आठवड्यावर आली, तेव्हा राधाकृष्ण शेठ आले. गावाबाहेर त्यांचं मंगल कार्यालय आहे. तुळशीचं लग्न झालं की तिथे लग्नांची रांग लागते. वधूवरांचा सोफा आणि पाहुण्यांच्या पुढच्या रांगेतल्या सोफा-खुर्च्या, सगळंच नव्याने मढवायचं होतं. एवढं काम मिळालं तर गाळा हंगामभर तरणार होता, आणि आबासाहेबांना नाही म्हणता येणार होतं. हे बिभीषणला कळत होतं, सत्यशीलाला कळत होतं, आणि शेठना कळत नसलं तरी त्यांच्या बसण्यात ते कळल्यासारखं होतं.

"तुझा रेट मला माहिती आहे, बिभीषण. सीटला चारशे ना? एवढं काम आहे म्हटल्यावर थोडं खालीच येशील."

बिभीषणने मान डोलवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं. सत्यशीलाने मशीन बंद केलं.

"चारशे ह्यांचे," ती म्हणाली. "चारशे माझे."

"तुझे कशाचे?"

"शिलाईचे."

"शिलाई आधी यात नव्हती का?"

"हुती की. धरली नव्हती."

शेठ हसले. हसणं वाईट नव्हतं, पण ते लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसं होतं. "अगं, म्हणजे एका रात्रीत दुप्पट? नगरहून माणूस आणला तर काय घेईल?"

"ह्याच्यापरीस जास्त घेतंय. इचारून बघा."

तिने ते खरोखर विचारून ठेवलं होतं. शेठनी टोपी काढून पुन्हा घातली. "बरं, सहाशे. दोघांचे मिळून सहाशे. जमतंय का बोला, नाहीतर मी निघतो."

रस्त्यावरून एसटी गेली आणि पत्रा थरथरला. मग बिभीषण म्हणाला, "माझे दोनशे धरा, शेठ. तिचे चारशे ऱ्हाऊ द्या."

सत्यशीलाचे डोळे भरून आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने तिला कधी साडी स्वतः निवडून आणली नव्हती, आणि आज परक्यासमोर तिची मजुरी वाचवायला स्वतःची कापून देत होता. कुणीही म्हणेल, तिने एवढ्यावर समाधान मानावं. तिलाही क्षणभर तेच वाटलं. पण मग तिला ती न झाडलेली जमीन दिसली, तिच्यावर एक लांब ओळ, एक जरा आखूड, आणि आता त्यातलीच एक निम्मी पुसून टाकायची.

"न्हाई," ती म्हणाली. "ह्यांचेबी चारशेच. ह्यांनी काम कमी करायचं ठरीवलंय का? फोम निम्माच भरायचा का तुमच्या सोफ्यात?"

शेठ उठले. "बघतो, सांगतो," म्हणाले. गाडी सुरू होऊन लांब जाईपर्यंत दोघं तसेच उभे होते. आपण आपल्याच हाताने चुलीत पाणी ओतलं असं सत्यशीलाला वाटत होतं, आणि तरी बोललेलं परत घ्यावंसं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, तो फक्त वधूवरांचा सोफा घेऊन. बाकीचं काम शेठनी दुसऱ्या कुणाला तरी दिलं होतं, स्वस्तात. "स्टेजवरचं मात्र बाईकडूनच शिवून घ्या म्हणालेत," टेम्पोवाला म्हणाला, "आणि तुमच्याच भावात." थकलेलं भाडं निघणार होतं, दिवाळी होणार होती. त्यापुढचं काही सांगता येत नव्हतं.

सोफ्याचं जुनं लाल कव्हर बिभीषणने उसवलं आणि शिवणींच्या कडेतून तांदूळ सांडायला लागले. अक्षता. कितीतरी लग्नांच्या, हळदीकुंकवाने रंगलेल्या, काही पार पांढऱ्या पडलेल्या. उशीच्या प्रत्येक फटीतून, पाठीच्या खोबणीतून त्या निघतच राहिल्या. सत्यशीलाने त्या सुपात झाडून दारात टाकल्या आणि कुठून कोण जाणे, चिमण्या आल्या. आधी उंबऱ्याबाहेर, मग धीट होऊन आत, मशीनच्या पायापर्यंत. तिने फोमवर तळवा ठेवला. दोन खोलगट जागा होत्या, शेजारी शेजारी, आणि दोन्ही सारख्याच. एवढ्या जोड्या बसून गेल्या, कुणाचा नवरा दांडगा असेल, कुणाची बायको काडी, पण सोफ्याने दोघांना सारखंच खाली घेतलं होतं. ती त्या जोड्यांमध्ये अशी हरवली, की सगळ्या वधू एकामागून एक येऊन समोर बसून जाऊ लागल्या, शालू सावरत, घाबरत, कुणी चोरून हसत. मरून रंगाची मखमल तिच्या हातांतून आपली पुढे सरकत होती.

त्यातच आबासाहेब आले. चिमण्या भुर्र उडाल्या. आबासाहेब या खेपेला फोमवर बसले नाहीत, स्टुलावर बसले. खिशावर हात होता. उचल बरोबरच आणली होती.

"मंग, बिभीषण? परवा घट बसत्यात. गाडीत नाव धरू ना कोयत्याचं?"

बिभीषण सोफ्याचा पट्टा ताणत होता. त्याने तो ताणला, खिळा मारला आणि मग बोलला. "तिला इचारा, मामा."

आबासाहेबांनी जन्मात कुठल्या बाईला हे विचारलं नव्हतं. "काय सूनबाई? चलायचं न्हवं?"

सत्यशीलाने डोक्यावर पदर घेतला. "मामा, माझी उचल किती?"

"किती म्हंजे? कोयत्याची सांगितली की म्या मागंच."

"ती कोयत्याची. माझी किती?"

आबासाहेब चिडले नाहीत. त्यांनी खरंच विचार केला. कपाळावर आठ्या घालून, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजून, छताकडे बघून. इतकी वर्षं शेकडो जोड्या नेल्या-आणल्या त्यांनी, टन न् टन तोंडपाठ. शेवटी त्यांनी हात खाली केला.

"तुझी येगळी कधी काढलीच न्हाई, बाई," ते म्हणाले.

हेच वाक्य तिने याच गाळ्यात ऐकलं होतं, नवऱ्याच्या तोंडून, आणि त्या दिवशी तिला त्यात काही खटकलंही नव्हतं. त्यामुळे तिला आबासाहेबांचा राग आला नाही. आली ती एक विचित्र हुरहूर, परकर नेसून वाढे वेचणाऱ्या एका पोरीची, तिच्या आईची, आणि त्या आईशेजारी धुक्यात वाकलेल्या सगळ्या बायकांची. कुणाचीच वेगळी काढलेली नव्हती. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलंही नाही.

"मंग मी न्हाई येत, मामा."

आबासाहेबांनी बिभीषणकडे पाहिलं. अजून आशा होती. "आन तू रं?"

बिभीषणने पुढचा खिळा दातांतून काढून हातात घेतला. बाहेर चिमण्या पुन्हा उंबऱ्यापाशी जमायला लागल्या होत्या.

"मी येकटा आर्धाच की, मामा," तो म्हणाला. "मला निऊन काय करता?"

आबासाहेबांनी खिशावरचा हात काढला, आणि सत्यशीलाने चहा टाकला तो पिऊनच गेले.